कमाल किंमत बांधायची की अनुदान द्यायचं? नेमकं कुठे काय फसतं?

सरळरेषा (प्रश्न)

जीवनावश्यक वस्तूंच्या भावनियंत्रणावर एक टिपण तयार करायचं आहे. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा दोनच टोकांना जाते: 'सरकारने भाव बांधून द्यावेत' किंवा 'सरकारने बाजारात हातच घालू नये'. मला मधला भाग हवा आहे. कमाल किंमत कोणत्या परिस्थितीत टिकते आणि कुठे ती लागू होताच माल गायब होतो? आदेश काढताना त्यात काय काय लिहावं लागतं? अनुदान द्यायचंच तर उत्पादकाला, दुकानदाराला की थेट ग्राहकाच्या खात्यात? आणि एकदा सुरू केलेली सवलत दंगल न होता मागे कशी घेतात? देश कोणताही चालेल, पण कार्यपद्धती आणि आकडे पक्के हवेत.

तराजू

भाव किती वाढला याआधी तो का वाढला ते बघा. कारणं चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाला औषध वेगळं लागतं.

मोजक्या विक्रेत्यांनी संगनमत करून भाव चढवला असेल, तर कमाल किंमत खरोखर काम करते. त्यांचा नफा खर्चाच्या बराच वर असतो, त्यामुळे भाव खाली आणला तरी विकणं परवडतं आणि पुरवठा आटत नाही. अफवेमुळे आठ-पंधरा दिवसांची झुंबड उडाली असेल तरी चालते, कारण नवा माल वाटेवर असतो. पण माल मुळातच कमी असेल, तर कमाल किंमत तुटवडा मिटवत नाही. माल कोणाला मिळणार हे आधी पैसा ठरवत होता, आता रांग, ओळख आणि वशिला ठरवतो. आणि चलनच घसरत असेल, तर निवडक वस्तूंचे भाव बांधल्याने नेमक्या त्याच वस्तू बनवणं तोट्याचं होतं. झिम्बाब्वेत जून 2007 मध्ये सरकारने दुकानांना भाव निम्म्यावर आणायला लावले. काही आठवड्यांत फडताळं रिकामी झाली.

सर्वाधिक घोळ होतो तो साखळीतल्या कुठल्या टप्प्यावर भाव बांधला यावरून. समजा एका वस्तूचा कच्चा माल 60, प्रक्रिया 12, वाहतूक 8, घाऊक मार्जिन 4 आणि किरकोळ मार्जिन 8, एकूण 92. सरकारने किरकोळ कमाल किंमत 95 ठरवली. पहिल्या दिवशी सगळं ठीक. दोन महिन्यांनी कच्चा माल 72 वर गेला. आता घाऊक व्यापारी दुकानदाराला 96 ला देतो आणि दुकानदाराने ते 95 ला विकायचं. तो माल उचलणंच थांबवतो. निरीक्षक येऊन दंड करतो तो त्यालाच, भाव वाढला मात्र तीन टप्पे वर.

अमेरिकेत जून 1973 च्या भावगोठवणीत हेच झालं. शेतमालाची पहिली विक्री नियंत्रणातून वगळली होती, म्हणून कोंबडीखाद्याचं धान्य महागत गेलं आणि कोंबडीचा भाव मात्र गोठलेला. पिल्लं वाढवणं तोट्याचं झालं आणि पोल्ट्रीवाल्यांनी हजारो पिल्लं पाण्यात बुडवून मारली. ती दृश्यं टीव्हीवर दिसली आणि धोरणाची पत गेली.

म्हणून आदेशात नुसता आकडा नको, सूत्र हवं: कच्च्या मालाचा जाहीर संदर्भभाव, अधिक ठरलेला प्रक्रिया खर्च, अधिक वाहतूक, अधिक प्रत्येक टप्प्याचं मार्जिन. संदर्भभाव ठरावीक टक्क्यांपलीकडे हलला की कमाल किंमत आपोआप बदलायला हवी. पुनरावलोकन नाशवंत मालाला दर आठवड्याला आणि टिकाऊ मालाला महिन्याने पुरतं. आदेश कधी संपणार ती तारीखही त्यातच असावी. मुदतवाढ द्यायची तर नव्याने कारणं नोंदवून.

मार्जिन टक्क्यांत बांधायचं की रकमेत, यावरही बारकाईने विचार करा. टक्क्यांत बांधलं तर खर्च जितका जास्त तितका नफा जास्त, मग स्वस्त माल शोधायची कोणाला गरज उरत नाही. टिकाऊ वस्तूंसाठी ठोक रक्कम बरी. नाशवंत मालात मात्र खराब होणाऱ्या मालाचा तोटा भावाच्या प्रमाणात वाढतो, तिथे टक्के मानावे लागतात.

गोदाम_किल्ली

तराजू यांनी भावाचं सांगितलं. आदेशात भावाइतकीच वस्तूची व्याख्या महत्त्वाची. भाव बांधला आणि वजन मोकळं सोडलं, तर भाव तोच राहतो आणि पाकीट हलकं होतं. हे फक्त दुकानदारच करतात असं नाही. इजिप्तमध्ये अनुदानित 'बलदी' रोटीचा भाव 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 5 पियास्त्रेवर (100 पियास्त्रे म्हणजे एक इजिप्शियन पौंड) होता. 2020 मध्ये सरकारनेच रोटीचं वजन 110 ग्रॅमवरून 90 ग्रॅम केलं, भाव तोच. जून 2024 मध्ये तो एकदम 20 पियास्त्रे झाला.

दुसरी पळवाट म्हणजे वस्तू किंचित बदलणं. व्हेनेझुएलात साध्या पांढऱ्या तांदळावर नियंत्रण होतं आणि चव लावलेल्या तांदळावर नव्हतं, म्हणून गिरण्या चवीच्या तांदळाकडे वळल्या. 2009 मध्ये सरकारला एकूण उत्पादनातला किती हिस्सा नियंत्रित प्रकारचा असावा याची टक्केवारीच ठरवून द्यावी लागली. तेव्हा निव्वळ वजन, प्रत, घटकांचं किमान प्रमाण, ओलाव्याची मर्यादा आणि पाकिटाचे मान्य आकार एवढं आदेशाच्या जोडपत्रात असलंच पाहिजे. ओलावा वगळू नका. धान्यात आणि पिठात दोन-तीन टक्के जास्त ओलावा म्हणजे पाणी धान्याच्या भावाने विकणं, शिवाय साठ्याला बुरशी.

आता अनुदान कुठे द्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: अनुदान जितकं वरच्या टप्प्यावर, तितकी गळती जास्त. याला इजिप्तइतकं बोलकं उदाहरण नाही. पूर्वी तिथे भट्टीवाल्याला स्वस्त पीठ मिळायचं. त्याने पोत्याच्या रोट्या भाजल्या तर हातात थोडंसं मार्जिन. तेच पोतं न उघडता खुल्या बाजारात विकलं तर कितीतरी पट जास्त. कारण एकाच पिठाला दोन भाव होते आणि पोत्यावरून ते अनुदानित आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. 2014 पासून पद्धत उलटी केली. भट्टीवाला पीठ बाजारभावाने घेतो, ग्राहक कार्ड लावून रोट्या नेतो (माणशी रोज 5) आणि विकलेल्या रोट्यांच्या नोंदीनुसार फरकाची रक्कम भट्टीवाल्याला मिळते. न घेतलेल्या रोट्यांचे गुण साठतात आणि त्यांतून दुसऱ्या वस्तू घेता येतात. त्यामुळे 'हक्काच्या आहेत म्हणून उचला आणि जनावरांना घाला' हा प्रकारही कमी होतो.

ही पद्धत चोख आहे असा समज मात्र करून घेऊ नका. गळती जागा बदलते. आता पोतं चोरण्याऐवजी विक्री न करताच कार्ड घासलं जातं. ते पकडायला तीन नोंदी समोरासमोर ठेवाव्या लागतात: खरेदी केलेलं पीठ, वापरलेलं इंधन आणि कार्डाच्या नोंदींची वेळ. शंभर किलो पिठाच्या साधारण किती रोट्या होतात हे प्रत्यक्ष भाजून आधीच ठरवून ठेवायचं. एखाद्या भट्टीवर त्याहून ठळकपणे जास्त विक्री दिसत असेल, किंवा दहा मिनिटांत दोनशे कार्डं घासली गेली असतील, तर तिथे तपासणीला जायचं.

आणि भट्टीवाल्याचे पैसे वेळेवर द्या. फरकाची रक्कम दोन-तीन महिने थकली की त्याचं खेळतं भांडवल संपतं. मग तो वजनात मारतो किंवा शटर ओढतो. कागदावर नीट दिसणाऱ्या योजना थकबाकीमुळेच सगळ्यात जास्त मोडतात.

सरळरेषा

दोघांचेही आभार, हेच हवं होतं. दोन गोष्टी अजून सांगा. माल खरंच कमी असेल आणि भाव मोकळा सोडणंही शक्य नसेल, तेव्हा काय? आणि एकाच वस्तूचे दोन भाव ठेवणं नेहमीच वाईट असतं का?

जुनी_खातेवही

माल खरंच कमी असताना भाव, वाटप आणि अनुदान ही तिन्ही अंगं एकदम लागतात. एखादं गाळलं की उरलेली दोन कोसळतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनचा अभ्यास म्हणूनच उपयोगी आहे. तिथे जानेवारी 1940 मध्ये सुरू झालेलं रेशनिंग जुलै 1954 पर्यंत चाललं. मुख्य वस्तूंचा भाव ठरलेला, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला आणि आयात-उत्पादन खर्चातला फरक सरकार भरत होतं. नुसता भाव बांधला असता तर सकाळी पहिले पन्नास लोक सगळं घेऊन गेले असते. नुसतं रेशन ठेवलं असतं तर हिस्सा असूनही गरिबाला तो विकत घेता आला नसता.

त्यातला सगळ्यात हुशार भाग होता डिसेंबर 1941 पासूनची गुणपद्धत. लोणी, साखर यांसारख्या सगळ्यांना सारख्या लागणाऱ्या वस्तूंना माणशी ठरावीक वजन देता येतं. पण डबाबंद पदार्थांचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाचा साठा अपुरा. प्रत्येकाला प्रत्येक डबा देणं अशक्य. म्हणून दर चार आठवड्यांना प्रत्येकाला सुरुवातीला 16 गुण दिले. डब्याला पैशातली किंमत होती आणि शिवाय गुणांतली किंमतही. एखाद्या मालाचा साठा उतरला की मंत्रालय त्याची गुणांतली किंमत वाढवायचं, साठा तुंबला की कमी करायचं. पैशातला भाव न हलवता मागणी हलवता यायची. आणि गुण श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच मिळत.

दोन भावांबद्दल गोदाम_किल्ली यांच्याशी माझं थोडं दुमत आहे. दोन भाव वाईट ठरतात ते वस्तू हातातून हातात जाऊ शकते तिथे. भारतात अनुदानित रॉकेलला निळा रंग दिला जायचा, तरीही ते डिझेलमध्ये मिसळलं जायचं, कारण फरकच तेवढा मोठा होता. पण वीज किंवा नळाने येणारा गॅस शेजाऱ्याला विकता येत नाही. तिथे दोन भाव उत्तम चालतात.

जर्मनीने 2023 मध्ये घरगुती गॅसवर हे केलं. गणित बघण्यासारखं आहे. घराच्या आधीच्या वार्षिक वापराच्या 80 टक्क्यांना युनिटमागे 12 सेंट दर, उरलेल्याला करारातला दर. समजा वापर 20,000 युनिट होता आणि करारातला दर 20 सेंट. सवलत 16,000 युनिटवर, युनिटमागे 8 सेंट, म्हणजे 1,280 युरो. ही रक्कम आधीच्या वापरावर ठरते, चालू वापरावर नाही. घराने 16,000 युनिट वापरले तर बिल 3,200 वजा 1,280, म्हणजे 1,920. वापर 14,000 वर आणला तर 2,800 वजा 1,280, म्हणजे 1,520. वाचवलेल्या 2,000 युनिटचे पूर्ण 400 युरो वाचले, म्हणजे युनिटमागे पूर्ण 20 सेंट. कुटुंबाला आधार मिळाला आणि काटकसरीची किंमतही शिल्लक राहिली. सरसकट भाव 12 सेंटवर आणला असता तर त्याच काटकसरीला 240 च मिळाले असते.

अट एकच, मागच्या वापराची मीटरवरची खरी नोंद हवी. पीठ, तेल, साबण यांना मीटर नसतो, त्यामुळे तिथे कार्ड किंवा रोख मदत याशिवाय मार्ग नाही.

तराजू

गुणपद्धतीच्या मुद्द्याशी सहमत. याच्या नेमकं उलट उदाहरण हंगेरीचं. फेब्रुवारी 2022 पासून साखर, मैदा, सूर्यफूल तेल, डुकराच्या मांडीचं मांस, कोंबडीचं ब्रेस्ट आणि 2.8 टक्के स्निग्धांशाचं दूध या सहा वस्तूंचा भाव 15 ऑक्टोबर 2021 च्या पातळीला बांधला. वाटपाची सोय नाही, दुकानांना भरपाई नाही. तोटा भरून काढायला दुकानांनी शेजारच्या फडताळावरच्या अनियंत्रित वस्तूंचे भाव चढवले आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेनेही यावर टीका केली. जुलै 2023 अखेर हे नियंत्रण उठलं.

आदेशातल्या 'संदर्भ तारखे'वर म्हणूनच जपून बोट ठेवा. एकाच दिवसाचा भाव घेतला तर त्या दिवशी ज्याने सवलत लावली होती तो अडकतो आणि ज्याने आधीच भाव चढवून ठेवला होता तो सुटतो. किमान चार-सहा आठवड्यांची सरासरी घ्या, आणि आदेशाची चर्चा सुरू होण्याआधीच्या काळातली घ्या.

खर्चाच्या तपासणीची यंत्रणा नसेल तर बाजारातल्या सरासरीवरून किंमत काढता येते. भारताच्या 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात तसंच आहे: ज्या ब्रँडचा बाजारातला हिस्सा 1 टक्का किंवा जास्त आहे, त्यांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या भावाची साधी सरासरी, वर विक्रेत्याचं 16 टक्के मार्जिन. कारखान्याच्या हिशेबवह्या उघडाव्या लागत नाहीत. तोटा असा की सगळेच ब्रँड महाग असतील तर सरासरीही महागच येते. त्याच आदेशातलं आणखी एक कलम इतरांनी घेण्यासारखं आहे: उत्पादन बंद करायचं असेल तर किमान सहा महिने आधी सूचना द्यावी लागते. भाव बांधल्यावर पहिली प्रतिक्रिया उत्पादन थांबवण्याची असते. ती आधी कळली तर पर्याय उभा करायला वेळ मिळतो.

देखरेखीबद्दल एक कळकळीचं सांगणं. नियंत्रण यशस्वी आहे की नाही हे भावावरून मोजू नका. बांधलेला भाव बांधलेलाच दिसणार! माल नसलेल्या दुकानातही पाटीवर तोच आकडा असतो आणि महागाई निर्देशांकात तो तसाच भरला जातो. मोजायचं ते हे: ठरवलेल्या नमुना दुकानांपैकी किती ठिकाणी आज वस्तू प्रत्यक्ष उपलब्ध आहे, माणशी विक्रीवर मर्यादा लागली आहे का, पर्यायी वस्तूचा भाव किती चढला, सीमेपलीकडे भाव काय आहे. उपलब्धता सलग दोन-तीन आठवडे उतरत असेल, तर छापे वाढवून उपयोग नाही, सूत्र चुकलं आहे. सम्राट डायोक्लेशनने इसवी सन 301 मध्ये हजाराहून अधिक वस्तू आणि सेवांचे कमाल भाव ठरवून उल्लंघनाला मृत्युदंड ठेवला होता, तरी माल बाजारातून निघून गेल्याचं समकालीन लेखक लॅक्टॅन्शियसने लिहून ठेवलं आहे.

पायरी_पायरीने

मागे कसं यायचं हा प्रश्न राहिला आहे.

एका रात्रीत काढलेली सवलत बहुतेक वेळा परत द्यावी लागते. इजिप्तमध्ये जानेवारी 1977 ला दंगली उसळल्या आणि सरकारने भाव पूर्ववत केले. ट्युनिशियात 1984 च्या सुरुवातीला तेच. नायजेरियात 1 जानेवारी 2012 ला पेट्रोलवरचं अनुदान काढलं, देशभर संप झाला आणि त्याच महिन्यात काही प्रमाणात माघार घ्यावी लागली. तिन्ही ठिकाणी भाव आधी चढला आणि भरपाईचं पुढे बघू असं झालं. लोकांना हातात काही दिसत नव्हतं.

इराणने डिसेंबर 2010 मध्ये क्रम उलटा लावला. आधी घराघराची खाती उघडली. माणशी महिना 4,55,000 रियाल जमा केले, पण ते गोठवून ठेवले: खात्यात दिसतात, काढता येत नाहीत. ज्या दिवशी इंधनाचे भाव चढले त्याच दिवशी रक्कम मोकळी केली. भाववाढ प्रचंड असूनही इजिप्तमधल्या 1977 सारखा उद्रेक त्या वेळी झाला नाही. चूक पुढे झाली. रक्कम वर्षानुवर्षं तेवढीच राहिली, महागाईने ती खाल्ली आणि इंधन पुन्हा खर्चापेक्षा स्वस्त झालं. तेव्हा मदतीची रक्कम पहिल्या दिवसापासून किंमत निर्देशांकाला बांधा आणि इंधनाचा भावही सूत्राने हलता ठेवा. यापैकी एकच हललं तर काही वर्षांत मूळ जागी परत याल.

सगळ्यांना द्यायचं की निवडक लोकांना, यावर माझा कौल असा: यादी कच्ची असेल तर सुरुवातीला सगळ्यांना द्या आणि वरच्या थराला हळूहळू वगळा. यादीत चुकीने आलेल्या सधन घरामुळे तिजोरीचा थोडा पैसा जातो, पण चुकीने वगळलेल्या गरीब घराची चूल विझते. या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. हरकतीसाठी कार्यालय, मुदत आणि निकालाची तारीख पहिला हप्ता देण्याआधी ठरलेली असावी.

सरळरेषा

शेवटची शंका. टप्प्याटप्प्याने भाव वाढणार हे आधी जाहीर केलं तर लोक आणि व्यापारी साठा करून ठेवणार नाहीत का?

पायरी_पायरीने

करतील, पायरी मोठी असेल तर. म्हणून पायरी साठवणुकीच्या खर्चावरून ठरवायची. गोदामभाडं, भांडवलावरचं व्याज आणि नासाडी मिळून महिन्याला 2 टक्के खर्च येत असेल, तर महिन्याला 1.5 टक्के भाववाढ जाहीर करून बिनधास्त पुढे जाता येतं, कारण माल दडवणाऱ्याला तोटाच होतो. तीच वाढ तिमाहीची एकदम 4.5 टक्के केली, तर वाढीआधीच्या शेवटच्या महिन्यात माल दडवणं फायद्याचं ठरतं. एकूण वाढ तेवढीच, पण पायरी उंच झाल्यामुळे साठेबाजी.

वेळ लागतो हे खरं. दरमहा 1.5 टक्क्यांनी भाव 40 टक्के वर न्यायला जवळपास 23 महिने लागतात, आणि तेवढा काळ तिजोरीला दम धरवेल का हे आधी तपासावं लागतं. दम नसेल तर पहिली पायरी मोठी, पण पूर्वसूचना न देता, आणि त्याच दिवशी मदत खात्यात. मग पुढच्या पायऱ्या लहान आणि जाहीर. भाजलेली रोटी, दूध, वीज यांसारख्या साठवता न येणाऱ्या गोष्टींना हे बंधन नाही. तिथे तारीख आधी सांगून एकदम वाढ करता येते, फक्त पीठ किंवा दूध पावडर यांसारख्या साठवता येणाऱ्या कच्च्या मालाचा भाव त्याच वेळी वेगळा हलत नाही ना, ते बघा.

आणि पायऱ्यांचं वेळापत्रक आखताना सणासुदीचे आणि पीक हाती येण्याआधीचे महिने टाळा. त्या काळात मागणी चढलेली किंवा साठे उतरलेले असतात, आणि सवलत कपातीमुळे भाव किती वाढला व हंगामामुळे किती हे कोणालाच वेगळं दाखवता येत नाही.